बीएमआय नॉर्मल, तरी कंबर जास्त: गावातल्या मोजमापांचा अर्थ कसा लावायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहात. आशाताईंना सोबत घेऊन तुम्ही तीस वर्षांवरच्या लोकांची उंची, वजन आणि कंबर मोजली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढला तर बहुतेक मंडळी नॉर्मल निघाली, काही तर कमी वजनाची. पण कंबरेच्या आकड्यानुसार जवळपास निम्म्या बायका धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या. आता कोणता आकडा खरा धरायचा, शिक्षण, जमीन आणि जात यांच्याशी त्याचा संबंध कसा तपासायचा, आणि दिवसभर खुरपणाऱ्या बाईला ‘तुमचं पोट वाढलंय’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हे सगळं ग्रामसभेत मांडायचं आहे.

मी पीएसएमचा, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा, डॉक्टर. माझं बरंचसं काम पावसावर अवलंबून असलेल्या, अर्धं बागायत आणि अर्धं जिरायत अशा पट्ट्यातल्या गावांत झालंय. त्यामुळे मी सांगतो ते कोकणातल्या किंवा गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तिथलं खाणं वेगळं, कामं वेगळी, आणि कमी वजनाचा प्रश्न कितीतरी मोठा. तुमच्या वर्णनावरून तुमची गावं माझ्या ओळखीच्या गावांसारखी वाटतात, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, तुमचे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. दोन्ही खरे असू शकतात, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा असतातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, त्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच कंबर आणि नितंबांचा घेर मोजला गेला. देशाच्या ग्रामीण भागातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या १९.७ टक्के होत्या. १८.५ पेक्षा कमी असलेल्या, म्हणजे कमी वजनाच्या, २१.२ टक्के. आणि कंबर-नितंब गुणोत्तर ०.८५ किंवा जास्त असलेल्या किती? ५५.२ टक्के. वजनानं पाचातली एक जड, पण पोटाच्या मापानं निम्म्याहून जास्त धोक्यात. तुमच्या वहीत जे दिसतंय ते देशभरच्या खेड्यांत दिसतंय.

असं का होतं? बीएमआय हा वजन आणि उंचीचा हिशेब: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं तो एकोणिसाव्या शतकात मांडला तो लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ समजून घ्यायला, रुग्ण तपासायला नव्हे. वजनातलं हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे साठलीय, हे त्याला कळत नाही. तालमीतला पैलवान घ्या. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, बीएमआय २९. कागदावर तो लठ्ठ, पण कंबर ८२. आता तुमच्या गावातली पंचेचाळिशीची मजूर बाई घ्या. उंची १४८, वजन ४७, बीएमआय साडेएकवीस. कागदावर अगदी उत्तम. पण कंबर ८४. हातपाय बारीक, दंडात जोर नाही, आणि जी काही चरबी आहे ती पोटात, यकृताभोवती. मला काळजी पैलवानापेक्षा या बाईची जास्त वाटते.

या शरीरठेवणीचा सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास आपल्याच मातीत झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन साधारण २.७ किलो भरलं. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटाच्या घेरानं, सगळ्या अंगानं लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणारं बाळही आतून तुलनेनं जास्त चरबीचं. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. तुमच्या वहीतली वाढलेली कंबर म्हणजे त्या बाईनं फार खाल्लं असा अर्थ नाही. पुष्कळदा अर्थ असा असतो की ती आईच्या पोटात असताना आईला पुरेसं मिळालं नाही, लहानपणी तिला पुरेसं मिळालं नाही, स्नायू घडायच्या वयात डाळ-दूध-अंडं मिळालं नाही. आणि आता चाळिशीत काम थोडं हलकं झालंय, तेल-साखर स्वस्त झालीय, तेव्हा मिळालेली जास्तीची ऊर्जा थेट पोटावर जाते. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळ्या घरांतले प्रश्न नाहीत. एकाच बाईच्या अंगात दोन्ही असतात.

आता ‘कोणता आकडा धरू’ याचं उत्तर. माणूस समोर असेल तर कंबर. भारतीय माणसांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही रेषा मानली जाते, आणि तुमच्या सीबॅक फॉर्ममध्येही, म्हणजे आशाताई भरतात त्या धोक्याचे गुण मोजणाऱ्या यादीतही, तीच आहे. जोडीला एक सोपा ताळा ठेवा: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. बुटक्या बाईला ८० ची रेषा सैल पडते, हा ताळा ती उणीव भरून काढतो. बीएमआयसाठी प्रत्यक्ष सल्ला देताना २३ पासून सावध व्हा, कारण आशियाई शरीरांत धोका लवकर सुरू होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानंही २००४ मध्ये मान्य केलं. पण गावाचा अहवाल लिहिताना २३ आणि २५ असे दोन्ही आकडे द्या. फक्त २३ धरून टक्केवारी काढली आणि ती राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २५ शी ताडून पाहिली, तर तुमचं गाव उगाच जाड ठरेल. आणि १८.५ खालच्यांचा रकाना कधीही गाळू नका. लठ्ठपणाचा अहवाल म्हणून सुरू झालेल्या कामात हीच माणसं पहिल्यांदा विसरली जातात.

पण हे सगळं माप बरोबर असेल तरच. माझा अनुभव सांगतो, गावातल्या सर्वेक्षणात सगळ्यात मोठी चूक कंबरेच्या टेपमध्ये असते. कंबर म्हणजे बेंबीची पातळी नव्हे आणि परकराची नाडी बांधतात ती जागाही नव्हे. शेवटची बरगडी हाताला लागते तिथे एक खूण, कमरेच्या हाडाची वरची कड लागते तिथे दुसरी खूण, आणि दोन्हींच्या मध्यावर टेप. नाडी सैल करायला लावा, कारण ती घट्ट असली की पोट वर-खाली ढकललं जातं आणि माप चुकतं. नऊवारीचा काष्टा आणि कमरेचा ओचा यांच्यावरून माप घेणं म्हणजे कापड मोजणं. पदराआडून, पातळ ब्लाउज किंवा परकरावरून घ्या, पण साडीच्या घड्यांवरून नको. टेप जमिनीला समांतर हवा, पाठीमागे खाली घसरलेला नको. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. ‘पोट आत घेऊ नका’ म्हटलं की माणूस हमखास आत घेतो, म्हणून मी त्यांच्याशी बोलत राहतो आणि बोलता बोलता वाचतो. दोनदा मोजा. फरक सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा.

पुरुषांत वेगळी अडचण. ‘माझी कंबर चौतीस’ असं ते पॅन्टच्या मापावरून सांगतात आणि काही वेळा तेच लिहिलं जातं. पॅन्ट पोटाखाली बसते, त्यामुळे ते माप कंबरेचं नसतंच. शिवण्याचा टेप इंचाचा असेल तर लक्षात ठेवा: ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, ९० म्हणजे साडेपस्तीसच्या किंचित आत. वापरून ताणलेला कापडी टेप फेकून द्या.

उंचीला सपाट भिंत आणि सपाट जमीन शोधा. सारवलेल्या अंगणात काटा आणि उंचीपट्टी दोन्ही फसवतात, शाळेचा किंवा समाजमंदिराचा फरशीचा ओटा बरा. अंबाडा सोडायला सांगा. हे किरकोळ वाटतं, पण ५२ किलोच्या बाईची उंची १५० लिहिली तर बीएमआय २३.१ येतो, १५२ लिहिली तर २२.५. दोन सेंटिमीटरनं गट बदलतो. कंबर वाकलेल्या म्हाताऱ्यांची उंची खरी मिळत नाही, त्यांचा बीएमआय काढूच नका, कंबर आणि वजन पुरे. गरोदर बायका आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका या हिशेबातून वगळा. वजनकाटा रोज सकाळी ठरावीक वजनानं तपासा. रेशन दुकानातली प्रमाणित वजनं त्यासाठी उत्तम.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: मोजलं कोणाला? दिवसा शिबिर घेतलं तर म्हातारी माणसं, दुकानदार आणि घरी असलेल्या बायका येतात. शेतात गेलेले पुरुष, रोजंदारीच्या बायका, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं राहून जातात. म्हणजे नेमकी जास्त कष्टाची आणि बारीक माणसं. मग गावाची सरासरी कंबर खऱ्यापेक्षा मोठी दिसते. संध्याकाळी वस्तीवर जाऊन मोजा आणि टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पुन्हा एक फेरी करा.

आता सामाजिक बाजू. इथे घाई करणारे खूप पाहिलेत. शिक्षणाचा रकाना काढला, ‘निरक्षरांत पोट जास्त’ असं आलं, आणि निष्कर्ष लिहून टाकला. पण गावात निरक्षर कोण? साठीच्या पुढचे. आणि वयाबरोबर कंबर वाढतेच. तो परिणाम वयाचा असू शकतो. म्हणून तीस ते एकोणचाळीस, चाळीस ते एकोणपन्नास असे गट पाडा आणि प्रत्येक गटाच्या आत तुलना करा. एवढं केलं तरी अर्धे खोटे संबंध गळून पडतात.

उत्पन्न विचारू नका. कोणी खरं सांगत नाही, आणि शेतीचं उत्पन्न महिन्यात मोजताही येत नाही. जमीन विचारा, पण एकरात नव्हे. दहा एकर जिरायत आणि एक एकर पाण्याखालची यांत मोठा शेतकरी कोण, हे गावातल्या पोरालाही कळतं. मी विहीर किंवा बोअर आहे का, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, दुभतं जनावर आहे का, मोटरसायकल आणि फ्रिज आहे का, पक्कं छत आहे का, आणि घरातलं कोणी दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातं का, हे विचारतो. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो.

जातीचा रकाना ठेवायचा की नाही, असं तुम्ही संकोचून विचारलंय. ठेवा, पण जात हे कारण म्हणून लिहू नका. जातीतून जमीन येते, विहिरीवरचा हक्क येतो, वस्ती दुकानापासून आणि शाळेपासून किती लांब आहे हे येतं. जमीन, पाणी आणि काम यांची तुलना करून झाल्यावरही जातीचा फरक उरतो का, तेवढं पाहा. उरला तर त्यामागे आणखी काय आहे ते वस्तीवर बसून, माणसांशी बोलून शोधा.

आपल्या देशात अजून तरी पैसा आणि सोय जिथे जास्त तिथे लठ्ठपणा जास्त, श्रीमंत देशांच्या उलट. पण ही रेषा सरकते आहे. जगभरच्या आकडेवारीवर २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं की १९८५ ते २०१७ दरम्यान सरासरी बीएमआयमध्ये झालेल्या जागतिक वाढीचा निम्म्याहून अधिक वाटा खेड्यांचा होता. शहरात लोक बसून आणि खेड्यात राबून, हे चित्र आता पूर्ण खरं नाही. मोटेच्या जागी वीजपंप, बैलाच्या जागी ट्रॅक्टर, पायपिटीच्या जागी मोटरसायकल. यांतलं बहुतेक काम पुरुषांचं हलकं झालं. बाईची खुरपणी, कापूसवेचणी, वाकून करायची कामं राहिली. ही कामं दमवतात, पण दिवसभर वाकून, हळूहळू केलेल्या कामानं स्नायू वाढत नाहीत. म्हणूनच ‘मी तर दिवसभर राबते, मला कशाला व्यायाम’ हा तिचा सवाल अगदी रास्त आहे, त्याला हसू नका. तिला जास्त दमण्याची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याची भरलेली बाटली उचलणं, असा थोडा ताकदीचा व्यायाम आणि ताटात प्रथिनं, एवढं हवंय.

ताटाबद्दल विचारताना ‘काय खाता’ विचारलं तर ‘भाजी-भाकरी’ हेच उत्तर येणार. मी किराण्यावरून विचारतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो? पाच माणसांच्या घरात तो दीड महिन्यात संपत असेल तर माणशी रोज सदुसष्ट ग्रॅमच्या आसपास तेल झालं, जे पंचवीस-तीस ग्रॅमच्या सल्ल्याच्या दुपटीहून जास्त. साखर महिन्याला किती किलो? चहाचे पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना पन्नासच्या आत, जमलं तर पंचविसाच्या आत राहायला सांगते. डाळ महिन्याला किती, अंडी आठवड्याला किती, आणि शेवटी, ताटावर शेवटी कोण बसतं? ज्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते, तिथे डाळ तिच्यापर्यंत पोचते तेव्हा पाणीच उरलेलं असतं. पोट भरायला मग भात आणि गोड चहा. तिची कंबर कशानं वाढली, याचं उत्तर त्या पातेल्यात आहे.

म्हणून मी अशा बाईला ‘कमी खा’ असं कधीच म्हणत नाही. कमी वजन आणि मोठी कंबर अशी बाई असेल तर तिला आधी वाढवायला सांगतो: घट्ट वरण, शेंगदाणे, मटकी-हुलगे, परवडत असेल तर अंडं, घरात जनावर असेल तर सगळं दूध डेअरीला न घालता एक पेला घरी. मग चहातली साखर निम्मी आणि तेलाचा डबा किती दिवस पुरला याची खूण कॅलेंडरवर. हे बोलणं सासू आणि नवऱ्यासमोर करा. तेल-डाळीचा निर्णय बहुतेक घरांत तिच्या हातात नसतो, आणि जो तिच्या हातात नाही तो सल्ला तिला देणं तिच्यावर अन्याय आहे.

बायका ‘ऑपरेशन झाल्यापासून पोट सुटलं’ असं नक्की सांगतील. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनं नळी बंद होते, चरबी वाढत नाही, हे समजावून सांगा. पण तिचं म्हणणं उडवून लावू नका. ती तुम्हाला काळ सांगतेय: पाठोपाठची बाळंतपणं, न भरून निघालेली झीज, आणि त्यानंतरचं वय. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही विचारा. मिश्री सोडल्यावर भूक वाढते आणि वजन थोडं वाढतं. ते आधीच सांगून ठेवलं तर वजनाच्या भीतीनं ती पुन्हा डबी उघडणार नाही.

आकडा सांगताना आवाज खाली ठेवा. कंबर बाईनंच बाईची मोजावी, आडोशाला, आणि आकडा मोठ्यानं न उच्चारता लिहावा. गावात बारीक माणसाकडे क्षयाच्या संशयानं पाहतात आणि भरलेल्या अंगाला खात्यापित्या घरची म्हणतात, त्यामुळे ‘पोट कमी करा’ ऐकून घाबरून जेवण सोडणाऱ्याही भेटतील. मी एवढंच म्हणतो, ‘ताई, पोटाच्या मापावरून साखर आणि बीपी तपासून घ्यावं असं वाटतंय, आज करूया का?’ माप हे तपासणीचं निमित्त आहे. सीबॅकचा स्कोअर चारच्या वर गेला तर प्राधान्य द्या, पण चारच्या आत असलेल्यांचीही तपासणी व्हायचीच आहे, हे आशाताईंना वारंवार सांगा, नाहीतर बारीक माणसांचा मधुमेह तसाच राहतो. पुन्हा मोजाल तेव्हा सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मोसमात आणि त्याच हातानं मोजा. सेंटिमीटरभर फरकाला यश किंवा अपयश म्हणू नका, तेवढी चूक टेपमध्येच असते.

ग्रामसभेचं म्हणाल तर नावं नकोत, घरं नकोत. वस्तीनिहाय टक्के दाखवा, पण ज्या वस्तीत मोजलेली माणसं वीसपेक्षा कमी आहेत तिचा आकडा शेजारच्या वस्तीत मिळवा, कारण एवढ्या लहान आकड्यावरून कोण ते गावाला लगेच कळतं. कमी वजनाचे आणि मोठ्या कंबरेचे असे दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवा. आणि मागणी एकच, पण नेमकी करा. माझ्या गावांत बहुतेकदा ती महिन्यातून दोनदा संध्याकाळी साखर-बीपीची तपासणी ही असते, रोजानं जाणाऱ्या बायका परतल्यावरच्या वेळेला. तुमच्या वस्त्यांत ती कदाचित वेगळी असेल, ते तुमचे वयोगटांचे रकाने तयार झाले की कळेल. तक्ता झाला की पाठवा, मी बघतो.